प्राणी पेशीचं उघडणारं मॉडेल: सहा महिने वापरून लिहिलेला रिव्ह्यू

वर्गात शिकवायला प्राणी पेशीचं मोठं थ्रीडी मॉडेल मागवलं होतं, त्याला आता सहा महिने झाले. आठवी ते दहावीच्या मुलांनी ते इतकं हाताळलंय की त्यात काय चांगलं आणि काय कच्चं ते मला आता नीट सांगता येईल. घ्यायच्या आधी मी बरेच रिव्ह्यू वाचले होते पण सगळे "मस्त आहे, रंग छान आहेत" एवढ्यावरच संपत होते, आत काय दाखवलंय आणि ते बरोबर आहे का हे कोणीच लिहिलं नव्हतं, म्हणून मी जरा लांबलचक लिहितेय.

मॉडेल म्हणजे अर्धा कापलेला गोळा आहे, 30 सेंटीमीटर व्यासाचा, स्टँडवर तिरका बसतो. आतली अंगकं, म्हणजे पेशीचे ठरावीक काम करणारे छोटे भाग, बहुतेक सुटी आहेत, चुंबकाने चिकटतात, काढून हातात घेता येतात. केंद्रक उघडतं, तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग, मायटोकॉन्ड्रिया) उघडते. सोबत नंबर आणि नावांचा एक तक्ता येतो. प्लॅस्टिक जाड आहे, रंगाला वास नाही.

आता मुद्द्याचं. माझ्या मते पेशीचं कुठलंही मॉडेल बघताना रंग आणि आकार नंतर बघावेत, आधी बघावं की कोणतं अंगक कशाला जोडलेलं आहे आणि कोणतं सुटं आहे, कारण पेशीचं निम्मं काम त्या जोडणीतच कळतं. पुस्तकातल्या आकृतीत केंद्रक म्हणजे मधे एक गोल आणि आंतर्द्रव्यजालिका, म्हणजे पेशीत पसरलेलं पडद्यांचं जाळं, त्याच्या बाजूला चार वळणदार रेघा, त्यामुळे मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं की ही दोन वेगळी खाती आहेत. प्रत्यक्षात केंद्रकाला दोन पटलं, म्हणजे पातळ पडदे, असतात आणि त्यातलं बाहेरचं पटल सलग पुढे जाऊन आंतर्द्रव्यजालिका होतं, मधे कुठे शिवण नाही की सांधा नाही. या मॉडेलमध्ये ते तसंच केलंय आणि मी पूर्ण मार्क देते ते याच गोष्टीला. केंद्रकाच्या बाहेरच्या सालीचाच प्लॅस्टिकचा पापुद्रा निघून घड्या घालत लांब गेलाय, हा भाग सुटा होत नाही आणि होऊही नये.

पहिल्याच दिवशी नववीतली एक मुलगी केंद्रकावर बोट ठेवून ते हळूहळू सरकवत बाहेर घड्यांपर्यंत घेऊन गेली, मग परत आत आली, परत बाहेर, आणि म्हणाली, "मॅडम, हे तर एकच आहे." मी हे फळ्यावर काढून कितीतरी वर्षं सांगत होते पण ते तिला बोटाने कळलं. त्यानंतर तिने स्वतःच विचारलं की मग या दोन पटलांच्या मधली जागा आणि जालिकेच्या आतली जागा पण एकच का, तर हो, एकच. असा प्रश्न आकृती बघून मला कधी कोणी विचारला नव्हता.

केंद्रकाच्या सालीवर भोकं आहेत, साधारण वीसेक. खऱ्या पेशीत अशी केंद्रकछिद्रं हजारोंच्या घरात असतात आणि ती नुसती भोकं नसतात, प्रथिनांची बनलेली मोठी दारं असतात, आतून संदेशवाहक आरएनए (जनुकाचा निरोप नेणारा रेणू) बाहेर जातो आणि बाहेरून आत लागणारी प्रथिनं ओळख पटल्यावर आत येतात. हे मॉडेलला दाखवता येणार नाही हे मान्य, पण निदान भोकाची कड वेगळ्या रंगाची हवी होती, नुसतं भोक बघून मुलांना गाळणी वाटते. आत केंद्रकी आहे, काळपट जांभळी, ती काढता येते. तिथे रायबोझोमचे, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रांचे, भाग तयार होतात हे सांगायला ती हातात घेता येणं फार सोयीचं पडतं.

जालिकेच्या केंद्रकाजवळच्या भागावर बारीक मणी बसवलेत, ते रायबोझोम, आणि पुढे नळ्यांसारखा भाग आहे तो मण्यांशिवाय गुळगुळीत. हे बरोबर आहे. मी आधी दुसरं एक छोटं मॉडेल वापरायचे त्यात सगळ्याच घड्यांवर ठिपके मारले होते, मग खडबडीत आणि गुळगुळीत यातला फरक दाखवणार कसा. इथे केंद्रकाच्या बाहेरच्या पटलावर सुद्धा थोडे मणी आहेत, आणि खऱ्या पेशीत पण तिथे रायबोझोम असतातच, म्हणजे ज्याने कोणी डिझाइन केलंय त्याने विषय समजून घेतलाय हे जाणवतं.

मी या मॉडेलवर सगळ्यात जास्त वेळ इन्सुलिनची गोष्ट सांगते. स्वादुपिंडातल्या बीटा पेशीत इन्सुलिनचं प्रथिन रायबोझोमवर बनायला लागलं की त्याच्या सुरुवातीच्या तुकड्यात एक खूण असते, ती खूण ओळखून अख्खं रायबोझोम जालिकेवर आणून टेकवलं जातं आणि प्रथिन बनता बनताच आत सरकतं. ही खुणेची भानगड शोधल्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना 1999 चं नोबेल मिळालं. आत गेल्यावर प्रथिनाची नीट घडी पडते, मग ते एका छोट्या पिशवीत भरून गॉल्गी संकुलाकडे, म्हणजे माल तयार करून वाटणाऱ्या अंगकाकडे, जातं, तिथून पुढच्या पिशवीत, तिथे कापून त्याचं खरं इन्सुलिन होतं, आणि रक्तातली साखर वाढली की त्या पिशव्या पेशीपटलाला जाऊन मिळतात आणि माल बाहेर पडतो. यातली एक गोष्ट मॉडेलमध्ये सुंदर जमलीय, जालिका आणि गॉल्गी यांच्यामध्ये कुठलीही नळी जोडलेली नाही, फक्त पातळ पारदर्शक काड्यांवर छोटे गोळे बसवलेत. म्हणजे इथून तिथे जायला रस्ता नाही, पिशवीतूनच जावं लागतं, हे बघताक्षणी कळतं. केंद्रक आणि जालिका जोडलेले, जालिका आणि गॉल्गी सुटे. एवढं जरी मुलाच्या डोक्यात राहिलं तरी बाकीचं त्याला स्वतः जुळवता येतं.

गॉल्गीची पाच बश्यांची चळत आहे, वाकलेली, ती अख्खी निघते. पण इथे चूक म्हणण्यासारखी एक उणीव आहे, सगळ्या बश्या एकाच केशरी रंगाच्या आहेत. गॉल्गीला दिशा असते, जालिकेकडच्या बाजूने माल आत येतो, एकेका थरात त्याच्यावर साखरेच्या साखळ्या लावणं, काढणं, बदलणं चालतं, आणि दुसऱ्या बाजूने तो पत्त्याप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत वाटला जातो. एकाच रंगामुळे चळत उलटी बसवली तरी कोणाला कळत नाही, आणि चुंबक दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे ती उलटी बसतेही, आमच्याकडे दोनदा बसली. मी शेवटी आत येणाऱ्या बाजूला हिरवी आणि बाहेर जाणाऱ्या बाजूला लाल टेप लावलीय. पुढच्या आवृत्तीत फिका ते गडद असा रंग दिला तर फार बरं होईल. हा भाग शिकवताना मी हेही सांगते की कामिल्लो गॉल्गी यांनी 1898 मध्ये चेतापेशीत चांदीच्या क्षाराने रंगवून हे जाळं बघितलं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की हा रंगवण्यातून झालेला भास आहे, आणि ती शंका इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर, 1950 च्या दशकात जाऊन मिटली. मुलं हे ऐकून गॉल्गीकडे जास्त लक्ष देतात असा माझा अनुभव आहे.

तंतुकणिका पाच आहेत, त्यातली एक मधोमध उघडते. हा तुकडा इतका चांगला केलाय की मी तो वेगळा विकत मिळाला असता तर अजून दोन घेतले असते. बाहेरचं पटल गुळगुळीत, आतलं घड्याघड्यांचं, आणि घडीवर नख फिरवलं की बारीक उंचवटे लागतात, ते एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा देणारा रेणू, बनवणाऱ्या प्रथिनांचे आहेत. आतल्या पटलाला घड्या का, तर जितकं पटल जास्त तितकी ही यंत्रं जास्त बसतात. ही यंत्रं अक्षरशः फिरतात, पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित कण) साठवले जातात, ते परत यायला लागले की त्यांच्या ओघाने प्रथिनाचा एक भाग गोल फिरतो आणि त्या फिरण्यातून एटीपी तयार होतं. धरणातलं पाणी आणि टर्बाइन ही उपमा सगळेच देतात आणि ती इथे खरंच चपखल आहे. पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना 1997 मध्ये या कामासाठी नोबेलमध्ये वाटा मिळाला. आणि उघडलेल्या तंतुकणिकेच्या तळाशी एक छोटीशी निळी रिंग आहे! तो तंतुकणिकेचा स्वतःचा डीएनए. माणसात तो 16,569 बेस-जोड्यांचा (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांचा) असतो, त्यावर 37 जनुकं, आणि आपल्याला तो आईकडून येतो. तो गोल असतो, जसा जिवाणूंचा असतो, आणि तंतुकणिकेचे स्वतःचे रायबोझोमही असतात, हे धागे जोडूनच लिन मार्ग्युलिस यांनी 1967 मध्ये मांडलं की तंतुकणिका ही कधीकाळी बाहेरून आलेल्या जिवाणूची वंशज आहे. एवढी मोठी गोष्ट त्या बोटभर रिंगवरून सुरू करता येते.

एकच सांगायचं, मॉडेल बघून मुलांना वाटतं तंतुकणिका म्हणजे राजम्यासारखा ठरलेल्या आकाराचा दाणा. जिवंत पेशीत त्या लांब होतात, एकमेकींत मिसळतात, तुटतात, सरकतात. हे तोंडाने सांगावंच लागतं, आणि यकृताच्या एका पेशीत हजार-दोन हजार असतात हेही.

आता तक्रार. सोबतच्या तक्त्यावर लयकारिका (टाकाऊ भाग पचवणारी पिशवी, लायसोझोम) आणि पेरॉक्सिझोम (मेद आणि विषारी पदार्थ मोडणारी पिशवी) यांचे नंबर उलटे छापलेत. दोन्ही गोल, दोन्ही एका पटलाचे, आकारही जवळपास सारखा, त्यामुळे ज्याला विषय नवीन आहे त्याला चूक कळणारच नाही. मॉडेलवर मात्र फरक केलाय, लयकारिकेत अर्धवट पचलेले तुकडे दिसतात आणि पेरॉक्सिझोमच्या मधे स्फटिकासारखा गाभा आहे, त्यावरून मला कळलं. विक्रेत्याला फोटो काढून मेल केला, आठवड्याने उत्तर आलं की तक्ता बदलून देऊ, तो अजून आलेला नाही. ज्यांनी हे घेतलंय त्यांनी आपला तक्ता तपासा आणि पेनने दुरुस्त करून घ्या.

तक्त्यावर लयकारिकेपुढे "आत्मघाती पिशवी" असंही लिहिलंय. हे नाव जुनं आहे, सगळीकडे छापलं जातं, पण माझ्या मते त्याने मुलांची दिशाभूल होते. लयकारिकेचं रोजचं काम म्हणजे खराब झालेले भाग, आत आलेले जंतू, जुन्या तंतुकणिका मोडून त्यातला कच्चा माल परत वापरायला देणं. आत आम्लता असते, पीएच साधारण 4.5 ते 5, आणि तिथली विकरं (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, एन्झाइम) त्या आम्लातच नीट चालतात, बाहेर पेशीद्रव्यात पीएच 7.2 च्या आसपास म्हणून एखादी पिशवी फुटली तरी लगेच पेशीचा नाश होत नाही. पेशी ठरवून मरते तेव्हा मुख्य काम वेगळी विकरं करतात, कॅस्पेज नावाची. आणि लयकारिकेतलं एखादं विकर जन्मतः नसेल तर काय होतं बघा, टे-सॅक्स आजारात एक मेद मोडला जात नाही, तो चेतापेशींत साठत जातो आणि लहान बाळं दगावतात. म्हणजे ही पिशवी चालते म्हणून आपण जगतो. ख्रिस्तिआन द डूव्ह यांनी 1955 मध्ये हिला नाव दिलं, पेरॉक्सिझोमही त्यांचंच, आणि 1974 चं नोबेल त्यांना आल्बेर क्लोद आणि जॉर्ज पालादे यांच्यासोबत मिळालं.

यानंतर आम्ही जे केलं ते या मॉडेलचा सगळ्यात चांगला उपयोग ठरला. मुलांना पट्टी दिली आणि सांगितलं की खरी पेशी 20 मायक्रोमीटरची (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरा, मॉडेल 30 सेंटीमीटर आहे, म्हणजे 15,000 पट मोठं, आता एकेक भाग मोजा आणि बरोबर आहे का सांगा. केंद्रक 10 सेंटीमीटर भरलं, म्हणजे खरं साडेसहा-सात मायक्रोमीटर, बरोबर. तंतुकणिका 6 सेंटीमीटर लांब, म्हणजे 4 मायक्रोमीटर, चालेल, जाडीला थोड्या जास्त आहेत. सेंट्रिओल (पेशी विभाजनात मदत करणारी नळकांडी) 3 सेंटीमीटर आहे तो आठ मिलिमीटरच्या आत हवा होता, पण मग त्यातल्या तीन-तीन नळ्यांचे नऊ गट दिसले नसते, त्यामुळे ते मोठं केलेलं मला पटतं, दोन सेंट्रिओल काटकोनात ठेवलेत तेही बरोबर. रायबोझोमचे मणी 2 मिलिमीटरचे, ते अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान हवेत.

मग पेशीपटल मोजलं. मॉडेलची कड 8 मिलिमीटर जाड आहे. खरं पटल साडेसात नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग), 15,000 पटीत ते होतं जेमतेम 0.11 मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका कागदाएवढं. एका मुलाने वहीचा कागद कडेला धरून दाखवला तेव्हा वर्ग गप्प झाला. एवढ्या पातळ, मेदाच्या दोन थरांच्या पडद्याने आत काय यायचं आणि बाहेर काय जायचं हे सगळं सांभाळलंय, तेही सतत हलत असताना, कारण त्यातले मेदाचे रेणू जागेवर स्थिर नसतात आणि प्रथिनं त्यात तरंगत असतात. मॉडेलची सत्तरपट जाड कड बघून मुलं त्याला भिंत समजतात आणि मग वनस्पती पेशीच्या पेशीभित्तिकेशी गोंधळ घालतात, म्हणून ही मोजणी जरूर करून घ्या.

आणि डीएनए. माणसाच्या एका पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर साधारण 2 मीटर. पंधरा हजारने गुणा, 30 किलोमीटर. त्या 10 सेंटीमीटरच्या केंद्रकात 30 किलोमीटर दोरा, केसापेक्षा बारीक, न गुंतता, आणि हवं ते जनुक हवं तेव्हा उघडेल अशा बेताने गुंडाळलेला. मी हे गणित आधी कधी केलंच नव्हतं, मुलांसोबत पहिल्यांदा केलं आणि माझ्याच अंगावर काटा आला.

जे मॉडेलमध्ये नाहीच ते म्हणजे पेशीचा सांगाडा. अंगकांच्या मधे नुसती पिवळी जेलीसारखी जागा आहे, अगदी रिकामी. खऱ्या पेशीत ती जागा गच्च भरलेली असते, प्रथिनं, रायबोझोम, आणि तंतूंचं जाळं. त्यातल्या सूक्ष्मनलिका (प्रथिनांच्या बारीक नळ्या) 25 नॅनोमीटर जाड, त्यांच्यावरून कायनेसिन नावाचं प्रथिन पिशव्या ओढत 8-8 नॅनोमीटरची पावलं टाकत जातं, आपल्या पटीत एक पाऊल म्हणजे पुन्हा तेच कागदाच्या जाडीएवढं अंतर. या सांगाड्याशिवाय इन्सुलिनची पिशवी गॉल्गीपासून कडेपर्यंत पोचणार कशी? इतक्या मोठ्या मॉडेलमध्ये चार तारा तरी ओढायला हव्या होत्या. आम्ही शिवणकामाचा दोरा सेंट्रिओलपासून कडेपर्यंत चिकटवलाय, दोरा सूक्ष्मनलिकेला प्रमाणात जवळजवळ बरोबर बसतो, आणि त्यावर छोटे मणी ओवलेत ते सरकवता येतात.

अजून एक गोष्ट तक्त्यात एका ओळीत तरी यायला हवी होती की अशी सर्वसाधारण प्राणी पेशी कुठेच नसते. परिपक्व लाल रक्तपेशीत केंद्रकही नाही आणि तंतुकणिकाही नाहीत, सगळी जागा हिमोग्लोबिनला. हाताच्या-पायाच्या स्नायूंच्या तंतूत अनेक केंद्रकं. काही चेतापेशींचा धागा मीटरभर लांब. हृदयाच्या स्नायूपेशीत तंतुकणिकांनीच सुमारे एक तृतीयांश जागा अडवलेली. मी आता मुलांना मॉडेल देते आणि सांगते, यातून यकृताची पेशी बनवा, आता लाल रक्तपेशी बनवा. ते पटापटा अंगकं काढतात, घालतात, आणि का काढलं ते सांगतात. सुटे भाग असलेलं मॉडेल घ्यायचं ते यासाठीच.

टिकाऊपणाचं सांगायचं तर चुंबक हा कच्चा भाग आहे. सहा महिन्यांत तीन निखळले, दोन मी चांगल्या गोंदाने परत बसवले, एक हरवला. लहान मुलं घरात असतील तर याकडे नीट लक्ष द्या, हे चुंबक छोटे आणि जोरदार आहेत, पोटात गेले तर आतड्याला इजा होते, गंभीर प्रकार आहे. गोळ्यांच्या पारदर्शक काड्यांपैकी एक तुटलीय. रंग मात्र कुठेच उडालेला नाही, ओल्या कपड्याने पुसते दर आठवड्याला.

याच मॉडेलचा 15 सेंटीमीटरचा छोटा प्रकारही मिळतो, मैत्रिणीकडे आहे, मी तो हातात घेऊन बघितलाय. त्यात तंतुकणिका उघडत नाही, जालिका केंद्रकापासून सुटी करून वेगळी चिकटवलीय आणि रायबोझोम नुसते रंगाचे ठिपके आहेत. तो घेऊ नका. जागा नसेल तर छोटं मॉडेल घेण्यापेक्षा मातीच्या गोळ्यातून पोरांकडूनच पेशी करून घ्या, फक्त केंद्रक आणि जालिका एकाच गोळ्यातून ओढून काढायला सांगा.